केमो चालू असताना घर, प्रवास आणि चतुर्थी: एकवीस दिवसांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून आत असलेल्या गावात राहणाऱ्या ५६ वर्षांच्या आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आहे. उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या आहेत. आता बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात (गोमेकॉत) दर २१ दिवसांनी केमो सुरू झाली आहे, लोक ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ती. ती चार वेळा, मग बारा आठवडे दुसरं औषध. मध्ये एकदा मुंबईला टाटा कर्करोग रुग्णालयात दाखवून यायचं आहे, चतुर्थी जवळ आली आहे आणि आईला कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, गेल्याशिवाय करमत नाही. मुलगा विचारतो: घरी काय सांभाळू, प्रवास कधी करू, आणि आईला कशाला नको म्हणू?

आधी एक गोष्ट पक्की करा. इथून पुढं घरातलं सगळं तारखेवर नाही, केमोचा कितवा दिवस आहे त्यावर ठरवायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केमोच्या दिवसाला १ लिहा आणि पुढं २१ पर्यंतचे आकडे पेन्सिलीनं घाला. दिवस १ ते ५ मळमळ, थकवा आणि बद्धकोष्ठाचे. दिवस ७ ते १४ पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असण्याचे. दिवस १५ ते २१ सावरण्याचे. बहुतेक घरांत उलटं होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी उलटी थांबते, तोंडाला चव येते, माणूस बरा दिसू लागतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या बारशाला किंवा देवळात घेऊन जातात. बरं वाटणं आणि अंगात प्रतिकारशक्ती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाला स्वतःला काहीच जाणवत नाही.

म्हणून ताप. या उपचारात घरच्यांनी एकच गोष्ट शिकायची असेल तर ही. डिजिटल थर्मामीटर घ्या, पाऱ्याचं नको. रोज एकाच वेळी, आणि कणकण किंवा हुडहुडी वाटली की लगेच, जिभेखाली मोजा. गरम चहा किंवा पेज घेतली असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून मोजा. तोंडात फोड असतील तर काखेत मोजा, पण काखेतला आकडा साधारण एक अंश फॅरनहाइटनं कमी येतो हे लक्षात ठेवा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याच्या वर गेला की तो आणीबाणीचा ताप. सकाळपर्यंत थांबायचं नाही. ताप न मोजता क्रोसिन द्यायची नाही, कारण ती आकडा खाली आणते, जंतू तिथंच राहतो, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत डॉक्टरला ताप दिसतच नाही. पांढऱ्या पेशी नसल्या की पू होत नाही, सूज फारशी येत नाही, खोकल्यात कफही कमी पडतो. ताप हीच बहुधा एकमेव खूण असते. शिरेतून अँटिबायोटिक हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात मिळावं, असा यातला नियम आहे.

सत्तरीतल्या गावातून बांबोळी गाठायलाच दीड-दोन तास जातात, रात्री पावसात जास्त. त्यामुळं पुढच्या भेटीतच डॉक्टरांकडून एका पानाची चिठ्ठी लिहून घ्या: रुग्णाचं नाव, कोणती केमो, शेवटची केव्हा, कशाची ॲलर्जी आहे, आणि ‘ताप असल्यास तातडीनं सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून अँटिबायोटिक सुरू करावं’ ही ओळ, डॉक्टरांची सही आणि शिक्का. पहिला डोस वाळपईच्या आरोग्य केंद्रात घेऊन पुढं पाठवायचं की सरळ बांबोळीला न्यायचं, हेही तेव्हाच विचारून ठेवा. रात्री १०८ ला फोन करताना पहिलं वाक्य ‘पेशंट केमोवर आहे आणि ताप आहे’ असं असू द्या. ताप असलेल्या माणसाला स्कूटरवर मागं बसवून नेऊ नका.

केमोच्या दिवसाच्या एक-दोन दिवस आधी रक्त तपासलं जातं. ते गावाजवळच्या लॅबमध्ये किंवा आरोग्य केंद्रात चालेल का, असं विचारा. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, आणि त्यानं एक फुकटचा फेरा वाचतो. रिपोर्टात एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा टक्का असतो. दोन्हींचा गुणाकार करा: २८०० पेशी आणि ४० टक्के न्यूट्रोफिल म्हणजे ११२०. साधारणपणे हा आकडा १५०० च्या वर आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर असल्याशिवाय पुढची केमो देत नाहीत. आकडा कमी दिसला तर पहाटेची बस पकडण्याआधी वॉर्डला फोन करा. आठवड्याभरानं पुढं ढकलली तर घाबरू नका. पेशी सावरल्याशिवाय दिलेली केमो जास्त धोक्याची. मात्र घरच्या सोयीसाठी आपणहून आठवडे वाढवायचे नाहीत.

पेशी फार खाली जात असतील तर त्या वाढवायचं इंजेक्शन देतात, फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम. ते केमो संपल्यावर २४ तास उलटून गेल्यावरच द्यायचं असतं, म्हणून बरेचदा घरी नेऊन गावातल्या नर्सकडून घ्यावं लागतं. घोटाळा इथंच होतो. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला राहायला हवं. गोव्याच्या उकाड्यात बसच्या पिशवीत टाकून नेलं तर ते फुकट जातं, आणि बर्फाला चिकटवून गोठलं तरीही फुकट जातं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये तळाला जेल पॅक, त्यावर कापडाची दुहेरी घडी, त्यावर इंजेक्शनचं खोकं, असं न्या. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, फ्रीजरखालीही नको. पावसाळ्यात रात्रभर वीज गेली तर फ्रिज उघडूच नका. तरी जास्त वेळ गेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नका. इंजेक्शन हलवून फेस आणू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंबर आणि मांड्या ठणकल्या तर तो औषधाचाच परिणाम. पण गोळी घेण्याआधी ताप मोजायचा, हा नियम तिथंही लागू.

आता खाणं. पहिले चार-पाच दिवस पोट भरायचा हट्ट सोडा. दर दोन तासांनी थोडं, आणि फार गरम नाही, कारण गरम अन्नाचा वास मळमळ वाढवतो. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून कोमट, याहून सोयीचं अन्न मला तरी माहीत नाही. पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही त्यात येतं. पण नुसत्या पेजेवर पाच दिवस काढले तर प्रथिनं मिळत नाहीत. सोबत मऊ मुगाची डाळ, पूर्ण उकडलेलं अंडं, बांगड्याचा काटे काढलेला तुकडा किंवा पनीर हवं. फोडणीचा वास सहन होत नसेल तर स्वयंपाक होईपर्यंत आईला पुढच्या पडवीत बसवा.

ओकारीच्या गोळ्या ओकारी यायच्या आधी घ्यायच्या असतात. चिठ्ठीवर ‘तीन दिवस’ लिहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करू नका. या औषधाची मळमळ उशिराही येते. ओंडान्सेट्रॉन या ओकारीच्या गोळीनं मलावरोध होतो, म्हणून मल मऊ करणारं औषध त्याच दिवसापासून सुरू करावं का, ते विचारा. पांढऱ्या पेशी कमी असताना एनिमा घ्यायचा नाही, गुदद्वारात औषधाची कांडीही घालायची नाही, कारण तिथली जखम सरळ रक्तात जंतू सोडते. डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी सकाळी, खाऊन घ्या. संध्याकाळी घेतली तर रात्रभर डोळा लागत नाही. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढते, ती घरी तपासा.

आता अन्नाची स्वच्छता. ‘सगळं कच्चं बंद, फक्त उकडलेलं’ असा कडक पथ्याचा कागद काही ठिकाणी हातात देतात. त्यानं जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट माणूस खाणंच सोडतो. महत्त्वाचं एवढंच: अन्न ताजं, नीट शिजलेलं, दोन तासांहून जास्त बाहेर न राहिलेलं. फळ घरी धुऊन, साल काढून. विहिरीचं पाणी खळखळून उकळी येऊन मिनिटभर राहिलेलं. न उकळलेलं दूध नको, बाहेरची कापलेली फळं आणि गाड्यावरचा रस नको. तिसऱ्यो आणि कालवं हे शिंपले या काळात बंदच ठेवा. ती पाण्यातले जंतू गाळून स्वतःत साठवतात आणि आपण ती जेमतेम वाफवतो. शहाळं चालेल, समोर फोडून लगेच प्यायलेलं.

तोंडाच्या फोडांसाठी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घाला. दिवसातून चार ते सहा वेळा, जेवणानंतर आणि झोपताना, गुळण्या करा. पाणी रोज नवं. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको, मऊ ब्रश हवा.

पहिले एक-दोन दिवस लघवी लाल-नारिंगी होते. ते रक्त नसतं, लाल औषधाचा रंग असतो. तिसऱ्या दिवसानंतरही लाल दिसली, किंवा जळजळ झाली, तर मात्र कळवा. त्यासोबत देतात ते सायक्लोफॉस्फामाइड हे दुसरं औषध मूत्राशयाला चुरचुर लावतं, म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी आणि लघवी तुंबवायची नाही. बायका बसच्या प्रवासात पाणीच पीत नाहीत, ते इथं अंगाशी येतं. केमोनंतर ४८ तास औषध लघवी-उलटीतून बाहेर पडत असतं. संडासाचं झाकण लावून दोनदा पाणी सोडा. उलटी लागलेले कपडे हातमोजे घालून, घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवा. गरोदर सुनेनं हे काम करू नये. एका खोलीत झोपणं, मिठी मारणं, एका ताटात जेवणं यानं कुणाला काही होत नाही.

बांबोळीच्या दिवसाबद्दल. जायला बस चालेल, वाळपईहून पणजी आणि पुढं दुसरी. येताना मात्र गाडी ठरवलेली बरी, निदान पहिल्या दोन वेळा. संध्याकाळी बांबोळीहून गावाकडे टॅक्सी ऐनवेळी मिळेलच असं नाही, म्हणून परतीचं आदल्या दिवशीच बोलून ठेवा. आईला पुढच्या सीटवर बसवा, काच थोडी उघडी ठेवा, वळणांवर तिनं मोबाइल बघू नये. गाठ मारता येईल अशा जाड प्लास्टिकच्या पिशव्या, टॉवेल, एक जादा साडी आणि पाण्याची बाटली हाताशी हवी. सुई डाव्या हातालाच लावू द्या, रक्तदाबही डाव्याच हाताला. उजव्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत हे दर वेळी सांगा. औषध चालू असताना सुईपाशी जळजळलं तर त्या क्षणी सिस्टरला सांगायचं. लाल औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. घरी पोचल्यावर तिथं लाली, फोड किंवा ठणका दिसला तर त्याच दिवशी फोन करा. गरम शेक देऊ नका.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड प्रत्येक वेळी जवळ हवं. कुटुंबात तीनपर्यंत माणसं असतील तर वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख अशी तिची मर्यादा आहे. शिल्लक किती आणि मुदत केव्हा संपते ते काउंटरवर विचारून वहीत लिहा. राज्याबाहेर उपचार घ्यायचे झाले तर मंजुरी आधी घ्यावी लागते. आधी जाऊन मग बिलं दाखवणाऱ्यांचे पैसे अडकतात.

मुंबईला जायचं ते दिवस १६ ते १९ च्या दरम्यान, रक्त तपासून. दिवस ७ ते १४ मध्ये नेऊ नका, अपॉइंटमेंट तेव्हाची मिळाली तर बदलून घ्या. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना मोठी सवलत आहे: स्लीपर आणि थ्री टियर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट, टू टियर आणि फर्स्ट एसीत दोघांनाही ५० टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या आणि तिकीट आरक्षण खिडकीवर काढा; थिवी स्टेशन तुम्हाला सोयीचं. प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र प्रवासात जवळ ठेवा. मी थ्री टियर एसी सुचवेन, खालचा बर्थ. रात्रीची कोकणकन्या पहाटे दादरला थांबते, तिथून टाटा आहे ते परळ जवळ आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात आणि दरड कोसळली तर तासन्‌तास अडकतात. म्हणून गोळ्या तीन दिवसांच्या जादा घ्या आणि अपॉइंटमेंट उतरल्या सकाळचीच धरू नका. पुढच्या केमोला तीन-चार दिवसच उरत असतील तर मोपाहून विमान बरं. व्हीलचेअर ४८ तास आधी सांगावी, औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत.

गाडीत जाग असेपर्यंत तासाभरानं उठून डब्यात दोन फेऱ्या, बसल्या बसल्या पावलं वर-खाली. कर्करोग आणि केमो दोन्हींमुळं पायात रक्त गोठायचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला तर तो थकवा समजू नका, लगेच डॉक्टर गाठा. पिशवी डाव्या खांद्यावर. मास्क गर्दीत लावायचाच.

टाटाला नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही. ऑपरेशन झालं तिथून पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या आणि काढलेल्या गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, त्यांच्याकडे पुन्हा तपासणी होते. ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. स्कॅनची फिल्म नको, सीडी हवी. २डी एको या हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट आणि आतापर्यंत लाल औषध एकूण किती मिलिग्रॅम गेलं याची नोंद घ्या. ते औषध हृदयावर साठत जातं आणि त्याला आयुष्यभराची मर्यादा असते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांची जुनी आधाराची जागा आहे, पण जागा मिळेलच असं धरून निघू नका. टाटाच्या समाजसेवा विभागात आधी विचारा.

चतुर्थी. आजच कॅलेंडरवर बघा, ती कितव्या दिवशी येते. तिसऱ्या आठवड्यात येत असेल तर आई सणात बसू दे, आरती म्हणू दे. फक्त चुलीपुढं दिवसभर उभी राहू नये. ती दिवस ७ ते १४ मध्ये पडत असेल तर एक चक्र, म्हणजे एकवीस दिवस, आधीच डॉक्टरांना सांगा. दोन-तीन दिवस इकडे-तिकडे करणं बहुधा शक्य असतं, ऐनवेळी शक्य नसतं. तारीख नाहीच हलली तर घरातल्यांची चतुर्थी होऊ दे, पण आरतीला येणारी गर्दी खोलीत नको. भेटायला आलेल्यांनी पडवीत, अंतरावर बसावं; सर्दी-खोकला असलेल्यानं फोन करावा. हे आईच्या तोंडून वदवू नका, तिला संकोच वाटतो. मुलानं दारातच सांगावं. खतखतं, पातोळ्या गरम गरम खायला हरकत नाही. नेवऱ्या तळलेल्या, एखादी चालेल. गणपतीवर चार दिवस टांगलेल्या माटोळीची, म्हणजे फळा-पानांच्या छताची, फळं तिला देऊ नका. आणि आलेला प्रत्येक जण एक गावठी औषध सांगून जाईल. गुळवेल, पाल्यांचे काढे, कसल्याशा पुड्या यांतल्या काहींनी यकृताला इजा होते, रिपोर्ट बिघडतो आणि केमोच थांबते. स्वयंपाकातल्या हळदीला ना नाही.

पुढचं बारा आठवड्यांचं औषध पॅक्लिटॅक्सेल असेल तर त्रासाची जात बदलते. उलटी कमी, पण बोटं आणि तळपाय बधिर होतात. त्याआधी ॲलर्जीचं इंजेक्शन देतात, त्यानं गुंगी येते. आईनं एकटीनं परत येऊ नये. शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पाय कुठं पडला ते कळत नाही, म्हणून पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल. चुलीवरचं भांडं फडक्यानंच धरायचं, चटका उशिरा जाणवतो. उजव्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, म्हणून राट ओढून विहिरीचं पाणी काढणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उजव्या हातानं नको. साडीच्या निऱ्या घालता येत नाहीत, बटणं लागत नाहीत असं झालं तर पुढच्या डोसआधी सांगा. डोस कमी करता येतो. सहन करत राहिल्यास बधिरपणा कायमचा राहू शकतो.

कुळागराबद्दल. तिसऱ्या आठवड्यात, पाऊस नसताना, पायात गमबूट घालून पाटाच्या कडेनं अर्धा तास चालून येणं तिच्यासाठी चांगलं. रोजच्या चालण्यानं केमोचा थकवा कमी होतो. माती उकरणं, शेणखत आणि कुजलेली पानं हाताळणं, गोठा झाडणं या काळात नको, त्यात बुरशी असते. साचलेल्या पाण्यात उतरणं नको, लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका. काजूच्या दिवसांत बोंडू वेचायला तर मुळीच नाही. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण २०१५ पासून सापडत आले आहेत आणि तो गोचिडीतून येतो. कुळागरातून आल्यावर अंगावरचे कपडे लगेच गरम पाण्यात, आणि कोपर, गुडघ्यामागं, मानेवर, कमरेच्या नाडीपाशी गोचीड आहे का ते दुसऱ्यानं बघावं. नंतर ताप आला तर १०८ वाल्यांना आणि डॉक्टरांना केमोबरोबर हेही सांगा की ती कुळागरात जाऊन आली होती, आणि कोणत्या दिवशी.